चुलीतली राख ओढताना

आपल्या घरी आजही लाकडाची चूल किंवा बंब पेटत असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. आपण स्वतः शहरात राहत असाल, पण गावच्या घरी आई, सासूबाई किंवा आत्या पहाटे उठून आंघोळीचे पाणी तापवीत असेल, तर तो आपल्यासाठी अधिकच आहे. घरात गॅस आला म्हणजे चूल गेली, असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात चहा-आमटी गॅसवर गेली आणि पाण्याचा हंडा मात्र चुलीवरच राहिला, अशी घरे कोकणात आणि घाटावरही पुष्कळ आहेत. वाडीतली सोडणे, करवंट्या आणि चुडते फुकट पडलेली असताना पाणी तापवायला सिलिंडर कोण संपवील?

चुलीच्या धुराविषयी आता बरेच बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे दूषित होणारी हवा २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यूंना कारणीभूत ठरली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यामागेही हीच काळजी होती. परंतु आग विझल्यावर मागे जे उरते, त्या राखेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विझलेली आग काय भाजणार, असे आपण धरून चालतो. आपल्या भाषेने मात्र ही चूक केलेली नाही. ‘आगीतून फुफाट्यात’ असे आपण सहज म्हणून जातो. हल्ली अनेकांना त्यातला फुफाटा म्हणजे रस्त्यावरची धूळ वाटते. पण तो शब्द चुलीतल्या गरम राखेचा आहे. वरून पांढरी, थंड, निरुपद्रवी दिसणारी आणि पोटात निखारे बाळगणारी ती राख.

ही गोष्ट मला वयाच्या साठाव्या वर्षी कळली. नोकरीतून निवृत्त होऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईजवळ राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आई ८१ वर्षांची. वीस वर्षांपासूनचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला काढायचा राहिलेला. मार्गशीर्षातल्या एका पहाटे तिने नेहमीप्रमाणे न्हाणीघराशेजारच्या चुलीतली आदल्या दिवशीची राख बाहेर ओढली. हातात मूठ तुटलेले एक जुने उलथणे होते. त्या राखेबरोबर हरभऱ्याच्या दाण्याएवढा निखारा आला आणि तिच्या डाव्या पायाच्या करंगळीशेजारी पडला. तिला काही कळले नाही. खरोखरच कळले नाही. मधुमेहाने पायाची संवेदना इतकी बोथट झाली होती, की कातडी जळत असताना ती शांतपणे राख ओढत राहिली. संध्याकाळी पाय धुताना फुटलेला फोड माझ्या दृष्टीस पडला. पुढे सव्वादोन महिने ड्रेसिंग चालले. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर बोटावर बेतले असते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

“मी काही विशेष केलं नाही रे, नुसती राखच तर ओढत होते,” हे आईचे म्हणणे.

घरातल्या कोणत्याही मुलाने केले असते तेच मी प्रथम केले. तिला चुलीकडे जाण्याची बंदी केली. जखम बरी होईपर्यंत ती पाळली गेली. त्यानंतर मी जागा होण्यापूर्वीच चूल स्वच्छ झालेली दिसू लागली. माझ्या डोळ्यांदेखत पाच वाजता होणारे काम आता अंधारात चार वाजता होऊ लागले. म्हणजे बंदीने धोका कमी झाला नाही, उलट वाढला. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. साठ वर्षे जे काम हातून झाले, ते एके दिवशी काढून घेतले म्हणजे माणूस विश्रांती घेतो असे नाही. तो ते लपूनछपून करू लागतो. मी बंदी उठवली आणि एका सकाळी तिच्याशेजारी नुसता बसून राहिलो.

जे दिसले ते असे. आई उकिडवी बसली होती. उलथणे वीतभर लांब, चूल आत दीड फूट खोल. त्यामुळे मागच्या भिंतीजवळची राख काढायची तर खांदा जवळजवळ चुलीच्या तोंडात जात होता आणि चेहरा राखेपासून हातभर अंतरावर येत होता. प्रत्येक वेळी ती राख उचलून बाजूच्या प्लॅस्टिकच्या बादलीत टाकत होती. उचलताना थोडी राख उडे, टाकताना त्याहून अधिक. पदर एकदा गुडघ्यावरून घसरून चुलीच्या कडेला टेकला. सर्वात शेवटी ती चुलीच्या कडेला हात टेकून झटकन उठली आणि क्षणभर डोळे मिटून तशीच उभी राहिली.

यातले एकेक समजून घेतले पाहिजे. उकिडवे बसून एकाएकी उठल्यावर रक्तदाब काही क्षण खाली येतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना त्या वेळी भोवळ येते, आणि समोर चूल असते. पुढे वाकून हाताने ओढण्याच्या क्रियेचा सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये एवढ्यानेही मणका दबून मोडू शकतो. बारीक राख श्वासावाटे आत जाते आणि दमा किंवा जुना खोकला असणाऱ्यांना तिचा त्रास होतो. पाय बधिर असतील तर निखाऱ्याचे काय होते, हे वर सांगितलेच आहे. या चारही गोष्टींचे मूळ एकच होते: अवजार अपुरे असल्यामुळे आईला राखेजवळ जावे लागत होते. राख तिच्याजवळ आली पाहिजे, आणि तीही जमिनीवरून न उचलता, सरपटत.

अवजाराची घडण

पहिला प्रयत्न माझा, आणि तो फसला. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मी एका केरसुणीच्या दांड्याला खिळ्यांनी ठोकला. तिसऱ्या दिवशी पत्रा वाकला, त्याच्या धारेने माझाच अंगठा कापला आणि दांड्याचे टोक निखाऱ्याला लागून काळे पडले. दुसऱ्या वेळी एक गंजके खुरपे लांब काठीला तारेने बांधले. ते ओढत होते छान. पण पाते अरुंद आणि टोकदार असल्याने चुलीच्या तळाची माती उकरून निघे. सारवलेल्या चुलीला चरे पडलेले पाहून आईने ते अवजार निमूटपणे परसात नेऊन ठेवले.

तिसऱ्या वेळी मी बाजारपेठेतल्या ग्रिल बनवणाऱ्या वेल्डरकडे गेलो. त्याने दहा मिलिमीटरच्या सळईचा तीन फुटांचा तुकडा घेतला, त्याच्या टोकाला पाच मिलिमीटर जाडीची रुंद पट्टी आडवी जोडली आणि दुसरे टोक वळवून कडी करून दिली. अवजार भक्कम होते. पण किलोहून अधिक वजनाचे, आणि त्यातले निम्म्याला थोडे कमी वजन अगदी टोकाला. टोकाकडचे वजन हाताला दुप्पट वाटते. आईची बोटे संधिवाताने वाकलेली. बारीक सळई तिच्या मुठीत फिरत राही. दोन दिवसांनी तिने मला आपल्यासमोर बसवले आणि म्हणाली, “तू माझ्यासाठी करतोयस ना? मग मला विचार की.”

एवढा साधा प्रश्न तीन प्रयत्न होईपर्यंत मला सुचला नव्हता. आपल्याही घरात कमोडजवळचा कठडा बसवताना, काठी घेताना, पलंगाची उंची ठरवताना असे घडते का, हे एकदा आठवून पाहावे.

तिने ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यांवरून आजचे अवजार झाले. पहिली गोष्ट वजनाची. सळई दहाऐवजी आठ मिलिमीटरची घेतली. दहाच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ६२० ग्रॅम, आठच्या सळईचे ४०० ग्रॅम. राखेच्या कामाला आठची पुरेशी ताठ राहते. पट्टी तीन मिलिमीटर जाडीची, पाच इंच रुंद आणि अडीच इंच उंच. सळई दोन फुटांची ठेवून पुढचा एक फूट लाकडी दांडा बसवला. तो मोडक्या कुदळीच्या दांड्याचा तुकडा, सव्वा इंच जाडीचा. संधिवाताच्या हाताला बारीक मूठ आवळणे कठीण जाते, जाड मूठ सोपी जाते. शिवाय लाकूड तापत नाही. सारे मिळून वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास झाले.

दुसरी गोष्ट अशी, की निखारे आणि राख एकदमच बाहेर येता कामा नयेत. ही खरी मेख होती आणि ती साठ वर्षे चुलीसमोर बसलेल्या बाईलाच कळू शकते. सपाट पट्टी जे पुढ्यात येईल ते ओढते. म्हणून पट्टीच्या एका लांब कडेला वेल्डरने करवतीने खाचा पाडून बोटभर अंतराने दाते केले आणि दुसरी कड सपाट राहू दिली. सळई पट्टीच्या मधोमध जोडलेली असल्याने दांडा अर्धा फिरवला की दात्यांच्या जागी सपाट कड खाली येते. आधी दात्यांची बाजू राखेतून हलकेच फिरवायची. राख दात्यांमधून निसटते, निखारे आणि अर्धवट जळलेले कोळसे अडकतात. ते चुलीच्या मागच्या भिंतीशी ढकलून ठेवायचे. मग दांडा फिरवून सपाट बाजूने मोकळी राख पुढे ओढायची.

तिसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. अंधुक उजेडात कोणती बाजू खाली आहे हे दिसत नाही, म्हणून दात्यांच्या बाजूला, दांड्यावर अंगठा येतो तेथे, एक खाच कोरायची. अंगठ्याला खाच लागली की दाते वर आहेत. मोतीबिंदूच्या डोळ्याला ती खाच पुरते.

हे अवजार आपण करून घेणार असाल, तर माझी मापे जशीच्या तशी घेऊ नका. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला चुलीसमोर फूटभर उंचीच्या स्टुलावर बसवावे, पाठ सरळ, कोपर अंगाजवळ. त्या स्थितीत मुठीपासून चुलीच्या मागच्या भिंतीपर्यंत सुतळी धरावी. तेवढी सळईची लांबी, आणि मुठीपासून मागे वीतभर दांडा अधिक. पट्टीची रुंदी चुलीच्या तोंडाच्या निम्म्याहून थोडी जास्त असावी. बंबाच्या जाळीखालच्या राखेच्या कप्प्याचे तोंड लहान असते, तेथे तीन इंचांची पट्टीही पुरे होते. पट्टीचे चारही कोपरे कानशीने गोल करून घ्यावेत, म्हणजे चुलीची माती उकरली जात नाही. जोड वेल्डिंगचा किंवा रिव्हेटचा हवा. कथलाचा डाग निखाऱ्याच्या उष्णतेने वितळतो. जस्ताचा मुलामा असलेली पट्टी घेऊ नये, कारण जस्त फार तापले की त्याचा धूर अपायकारक असतो. प्लॅस्टिकच्या पाइपचा दांडा कोणी सुचवला, तर त्याचे ऐकू नये.

अवजाराला नाव आईने दिले. उलथायचे ते उलथणे, तसे ओढायचे ते ओढणे.

राख कोठे जाते

ओढलेली राख कशात घ्यायची, हा दुसरा अर्धा प्रश्न. प्लॅस्टिकची बादली प्रथम हद्दपार केली. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा धरून, वरचा भाग कापून त्याची पसरट सुपली केली आणि कापलेल्या सर्व कडा पक्कडीने आत दुमडून ठोकून घेतल्या. पुढची कड चपटी करून चुलीच्या तोंडाशी जमिनीला टेकवून ठेवायची. ओढण्याने राख सरळ तिच्यात सरकते. मध्ये कोठेही उचलणे नाही, वरून टाकणे नाही. म्हणून राख उडतही नाही. सुपली भरली की आई ती तशीच ठेवते. उचलणे माझ्याकडे. ही वाटणी तिने मान्य केली, कारण चुलीचे मुख्य काम तिच्याकडेच राहिले.

ती राख मी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून अंगणात दगडावर ठेवतो, पेंढ्यापासून आणि लाकडांच्या राशीपासून दूर. राखेत पुरलेला निखारा किती काळ जिवंत राहतो याची आपल्या आजीला पुरेपूर कल्पना होती. रात्री विस्तव राखेखाली झाकून सकाळी त्याच निखाऱ्यावर चूल पेटवण्याची रीत काही उगाच नव्हती. चार दिवसांपर्यंत राख पूर्ण थंड झाली असे समजू नये. गरम राखेवर एकदम पाणी ओतल्यास वाफेबरोबर राख उसळते, तेही टाळावे. धुगधुगणाऱ्या निखाऱ्यांचे घमेले थंडीत ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत नेऊन ठेवण्याची सवय काही घरांत आहे. ती तर तत्काळ सोडली पाहिजे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

वेळही बदलली. आमच्याकडे आता राख पहाटे निघत नाही, दुपारी चारला निघते. सकाळचे पाणी तापून सात-आठ तास झालेले असतात, बहुतेक निखारे विझलेले असतात, उजेड भरपूर असतो आणि डोळ्यांवर झोप नसते. आई पायांत बंद चपला घालते. नायलॉनच्या साडीऐवजी सुती साडी, आणि पदर कमरेला खोचलेला. खोकल्याचा त्रास असणाऱ्यांनी एन-९५ मास्क लावावा. नाकाला बांधलेला पदर मोठे कण अडवतो, बारीक कण नाही. काम झाल्यावर स्टुलावरच मिनिटभर बसून, पायांची बोटे दहा-बारा वेळा हलवून मग उठायचे. स्टूल डुगडुगणारे नसावे, हे सांगायला नको, तरी सांगतो. आमचे पहिले डुगडुगत होते.

काळजी घेऊनही भाजलेच, तर कोरडी राख आधी हलकेच झटकून टाकावी आणि तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे. दोन मिनिटांनी बरे वाटते म्हणून काढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद आणि राखही लावू नये. लाकडाची राख ओली झाली की अल्कधर्मी होते आणि जखमेला आणखी इजा करते. याच कारणाने डोळ्यांत राख गेली तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धूत राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही व्यक्तीच्या पायावरचा फोड कितीही लहान असला तरी घरी ठेवून पाहू नये, त्याच दिवशी दाखवावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. आणि रोज रात्री पाय पाहावेत. तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, नाहीतर घरातल्या कोणीतरी. आमच्याकडे हे काम माझे आहे. पहिले काही दिवस आईला मुलाने आपले पाय धरून पाहावेत याचा फार संकोच वाटे. आता ती पाय पुढे करून चष्मा शोधायला मलाच सांगते.

थंड झालेली राख चाळून नारळाच्या आळ्यांत थोडी थोडी टाकतो. आमच्या आंबट लाल मातीला ती चालते, आणि तिच्यातले पालाश माडाला उपयोगी पडते. युरियाबरोबर मात्र ती मिसळत नाही, कारण त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. राखेने दात घासण्याचा आईचा जुना आग्रह अजून पूर्णपणे गेलेला नाही. दातांवरचे कवच त्याने झिजते, हे दंतवैद्यांनी सांगून झाले आहे. त्या बाबतीत मला अद्याप यश आलेले नाही.

पावसाळ्यात ओढण्याला गंज चढतो. पट्टीवर अधूनमधून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे लागते आणि चुलीच्या उबेला ते टांगून ठेवावे लागते. आईने त्यासाठी कमरेच्या उंचीवर एक खिळा ठोकून घेतला आहे, कारण वर हात करून काढायचे तर खांदा दुखतो. मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एक आजी आल्या होत्या. त्यांनी ओढणे खिळ्यावरून काढले, स्टुलावर बसून हवेतच दोनदा ओढून पाहिले, मग विटेने दांडा मोजला आणि त्यांना अर्धी वीत लांब पडतो असे सांगितले. वेल्डरकडे त्यांच्या मापाची सुतळी मी देऊन आलो आहे.